पांढुर्णा-सौंसरच्या पाट्यावरून

भोपाळहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत मुलताई मागे पडली की डब्यातली भाषा बदलायला लागते. सामान खाली काढताना 'चलो, आ गया' म्हणणारी माणसं आपसात 'चाल न वं, आलं ठेसन' म्हणू लागतात. पांढुर्ण्याच्या फलाटावर उतरलं की पाट्या हिंदीत आणि बोलणं मराठीत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याच्याबरोबर दक्षिणेकडचा हा मराठी बोलणारा पट्टाही इकडेच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. आमचं मूळ घर सौंसरकडचं. मी जन्मले, वाढले भोपाळला. सौंसरला मोठी आई, दादा, वहिनी आणि शेत. (मोठी आई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. पुण्या-मुंबईकडे तिला काकू म्हणतील, आमच्याकडे नाही.)

पांढुर्णा म्हटलं की बाहेरच्यांना गोटमार आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, आणि तेवढ्यापुरतं हे गाव दरवर्षी बातम्यांत येतं. त्याखेरीज संत्री. मी मात्र यंदा संक्रांतीला गेले ते एका वेगळ्याच कामाला: मेयोनीझच्या जागी ठेवता येईल असं, आणि मुख्य म्हणजे चवीला चांगलं, काहीतरी शोधायला.

हसू नका. आमच्या मुलाला अंड्याची ॲलर्जी आहे. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातल्या सँडविचनं त्याचे ओठ सुजले, श्वास लागला आणि ती रात्र आम्ही दवाखान्यात काढली. सँडविचला 'व्हेज' म्हणून विकलं होतं. आतला पांढरा थर कुठल्या डब्यातून आला होता ते विकणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. बंद बाटलीवर निदान हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असतो. गाड्यावरच्या प्लास्टिकच्या पिचकारीला ठिपका नसतो. कच्च्या अंड्याच्या मेयोनीझचा धोका ॲलर्जीवाल्यांपुरता नाही हेही आता सगळ्यांना माहीत आहे. केरळनं जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूनं एप्रिल २०२५ मध्ये त्यावर बंदी घातली, कारण नीट न राखलेल्या कच्च्या अंड्यात साल्मोनेला वाढतो.

तर अंड्याविनाचं बाटलीतलं आणायचं, झालं, असं तुम्ही म्हणाल. आणलं की. तीन प्रकारचं आणलं. मुलाचा शेरा: 'गोड खळ.' मलाही तो पटला. चौदा वर्षांच्या मुलाला मित्रांमध्ये बसून वेगळा डबा उघडायचा असतो तेव्हा त्या डब्यातलं निदान बाकीच्यांनी मागून खावं असं असलं पाहिजे. त्याची अट एकच होती: 'आई, पौष्टिक म्हणून काही देऊ नकोस. चव पाहिजे.'

ही अट डोक्यात ठेवून आम्ही दोघं पांढुर्ण्याच्या बाजारात शिरलो. संक्रांतीच्या आधीचे दिवस, त्यामुळे तीळ ढिगानं. पांढरा, पॉलिशचा, आणि गावरान मळकट. त्याच्या शेजारी जवस. दुकानदाराला जवस म्हणा, अलसी म्हणा, दोन्ही चालतं. कारळं तेच, त्याला कुणी जगनी म्हणतं, कुणी रामतीळ. हे काळं बारीक बी सातपुड्यातल्या गोंड वस्त्यांकडून खाली येतं. आणि एका म्हातारीपुढे गोणपाटावर वाळवलेली अंबाडीची लाल बोंडं. मुलानं विचारलं, 'हे फूल आहे का?' ती म्हणाली, 'फूल गेल्यावरचं हाय बाबू. तोंडात टाकून पाह्य.' त्यानं टाकलं आणि एक डोळा मिटला. अर्धा किलो घेतली.

पांढुर्ण्याहून सौंसरला जाताना दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मध्ये कापूस, तूर, हरभरा. सौंसर खरं तर दुसऱ्या रस्त्यावरचं गाव. नागपूरहून निघालेला रस्ता सावनेरला फुटतो. एक फाटा पांढुर्ण्यावरून बैतूल-भोपाळला जातो, दुसरा सौंसरवरून छिंदवाड्याला. त्या दुसऱ्या रस्त्यावर पुढे सिल्लेवानीचा घाट लागतो. घाटाच्या वर हिंदी, घाटाखाली मराठी, असं आमच्या घरी सांगतात आणि ते बऱ्यापैकी खरं आहे. घाटाखाली जेवणही नागपूरकडचंच: ज्वारीची भाकर, झुणका, पाटवडी, गोळाभात, वडाभात, आणि ताटात डाव्या बाजूला एक तरी चटणी. या चटणीला तोंडीलावणं समजू नका. ज्या दिवशी भाजी नसे त्या दिवशी भाकरीबरोबर तीच असे. जवसाची किंवा तिळाची कोरडी चटणी, तिच्यात मध्ये बोटानं खळगा करून कच्चं तेल. तेल, डाळदाणा, तिखट, आंबट सगळं त्यातच.

मोठी आईचं वय अठ्ठ्याहत्तर. मिक्सर आहे, पण पाटा-वरवंटा अंगणात जागच्या जागी आहे. रात्री जेवताना तिनं विचारलं, 'हे मेयोनी का काय म्हणून राह्यली तू, ते असते काय?'

मी म्हटलं, 'तेल आणि अंड्याचा बलक घोटून घोटून पांढरं करतात. त्यात थोडी मोहरी आणि आंबट.'

'म्हणजे फेसतेत.'

'हो, फेसतातच.'

'मंग अंडं कायले पाह्यजे? मोहरी फेसते न आपली.'

झालं. ज्या गोष्टीसाठी मी भोपाळच्या तीन दुकानांत फिरले होते ती तिनं हात धुता धुता सांगितली. सकाळी तिनं करून दाखवली, आणि ती मी इथे सविस्तर लिहिते, कारण तरुण वाचकांपैकी पुष्कळांनी 'मोहरी फेसणे' हा शब्द लोणच्याच्या संदर्भात ऐकला असेल, पण प्रत्यक्ष पाहिलं नसेल.

बारीक मोहरी दोन चमचे. आधी कोरडी वाटायची, मग चिमूटभर मीठ आणि गार पाणी थोडं थोडं शिंपडत पाट्यावर वरवंट्यानं घोटत राहायचं. पाच-सात मिनिटांत तिचा रंग पिवळसर पांढरा होतो, ती फुगते आणि अंगणभर झणका सुटतो. मुलगा दोन हात मागे सरकला. कोरड्या मोहरीला हा वास नसतो. मोहरीतला एक पदार्थ आणि त्यावर काम करणारं एन्झाइम दाण्यात वेगवेगळं असतं. दाणा फुटून पाणी लागलं की दोघं भेटतात आणि तो झणका तयार होतो. म्हणूनच पाणी गार पाहिजे. गरम पाण्यानं एन्झाइम मरतं आणि मोहरी नुसती कडवट राहते. दही किंवा लिंबूही आधी घालायचं नाही; आंबटानं ते काम मंदावतं. दहा मिनिटं थांबून मग घालायचं. मोठी आईला यातला 'एन्झाइम' माहीत नाही, पण 'गार पाणी' आणि 'लिंबू मागून' हे दोन्ही तिनं मी विचारायच्या आधीच बजावलं होतं.

आता मेयोनीझची गंमत. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही. खऱ्या मेयोनीझमध्ये ६५ ते ८० टक्के तेल असतं आणि तरी ते तेलकट दिसत नाही, कारण तेलाचे अगदी बारीक थेंब पाण्यात अडकून बसलेले असतात. त्यांना एकमेकांत मिसळू न देण्याचं काम अंड्याच्या बलकातलं लेसिथिन करतं. मोहरीच्या टरफलात जो चिकट अंश असतो तोही हेच काम करतो, बलकाइतकं जोरात नाही, पण करतो. तेव्हा त्याला जोड दिली की झालं. आम्ही दिली चक्क्याची. रात्री टांगून ठेवलेला घट्ट चक्का एक वाटी, त्यात फेसलेली मोहरी एक चमचा, मीठ, अर्धा चमचा साखर, आणि मग घाण्यावरचं शेंगदाण्याचं तेल तीन-चार चमचे, थेंब थेंब, एका हातानं सोडत आणि दुसऱ्या हातानं रवीनं घोटत. शेवटी लिंबू. पांढरं, घट्ट, चमच्याला धरून राहणारं झालं. चव मेयोनीझसारखी? नाही. त्याहून आंबट, आणि मागून नाकात जाणारी. वहिनीनं भाकरीवर लावून वर कांदा-काकडी घालून गुंडाळी करून मुलाच्या हातात दिली. त्यानं पहिल्या घासाला डोळे पुसले, दुसऱ्या घासाला गप्प बसला आणि मग दुसरी गुंडाळी मागितली. मी काही बोलले नाही. चौदा वर्षांच्या मुलाला 'बघ, आवडलं ना' म्हणू नये, लगेच आवडेनासं होतं.

दुपारी दादाबरोबर शेतावर गेलो. हरभऱ्याच्या तुकड्याच्या कडेनं जवसाच्या चार-पाच ओळी होत्या. जवसाचं फूल निळं, नखाएवढं, सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. आम्ही पोचलो तेव्हा जमिनीवर निळा सडा होता आणि झाडावर थोडीच शिल्लक. कडेलाच का पेरलंय असं मुलानं विचारलं. दादा म्हणाला, 'ढोरं जवसाले तोंड लावत नाहीत. म्हणून कुंपण.' म्हणजे घरच्या चटणीचं जवस हे कुंपणातून निघत आलं आहे. त्यासाठी वेगळं शेत कधी कुणी राखलं नाही.

आणि ते कुंपणही आता जाणार. दादा त्या तुकड्यात संत्रा लावतो आहे. खड्डे घेऊन झालेत, बोअर झालं. मला वाईट वाटलं हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानं आपण होऊन हिशेब मांडला. हरभऱ्याचा भाव, मजुरी, संत्र्याच्या बागेचं एका बहाराचं उत्पन्न. त्याच्या दोन मुली नागपूरला शिकतात. जवसाच्या चार ओळींवर त्यांची फी भरली जात नाही, त्यामुळे मी भोपाळला बसून हळहळण्यात काही अर्थ नाही. भांडली ती मोठी आई. तिचा मुद्दा रडण्याचा नव्हता, शेतीचा होता: संत्र्याची झाडं फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात, तोवर ओळींच्या मधली जागा मोकळीच असते, लोक त्यात हरभरा-सोयाबीन घेतातच, मग दोन ओळी जवसाच्या का नाही? दादा म्हणाला, 'पाहू.' वहिनी मला हळूच म्हणाली, 'ते पाहू म्हणजे हो असते.' पाच वर्षांनंतर झाडांची सावली पडेल तेव्हाचं तेव्हा.

जवसाबद्दल मी खूप आशा धरून होते, म्हणून तिथला अनुभव खरा सांगते. अंड्याऐवजी जवस वापरा असं हल्ली सगळे सांगतात. जवस पाण्यात उकळलं की चिकट बुळबुळीत पाणी सुटतं, ते गाळून तेलाबरोबर घोटलं की खरंच पांढरं, मेयोनीझसारखं दिसणारं काहीतरी तयार होतं. दिसतं छान. पण मासळीच्या बाजारासारखा एक वास मागे राहतो. आमच्याकडे कुणालाच तो आवडला नाही, मोठी आईनं तर 'रंग देल्याल्या दाराचा वास येते' म्हटलं, आणि ते अगदी बरोबर आहे, कारण रंगात आणि वॉर्निशमध्ये वापरतात ते तेल जवसाचंच. जवसाच्या तेलाचा हवेशी लगेच संयोग होतो. रंग वाळायला तेच हवं असतं, जेवणाला नको असतं. केकला अंड्याऐवजी भिजवलेलं जवस चालतं. सँडविचला नाही. जवस खायचं तर भाजून, तडतडेपर्यंत, आणि लसूण-मिरची-मीठ घालून कोरड्या चटणीतच. ती चटणी दह्यात कालवून मुलाला दिली तर तो खातो, पण रंग पाहून नाक मुरडतो. 'सिमेंट' हे त्यानं ठेवलेलं नाव आहे. कारळ्याच्या चटणीला 'डांबर'. चव मान्य, दर्शन अमान्य.

तीळ मात्र सरळ जिंकला. न भाजलेला, किंवा अगदी हलका गरम केलेला पांढरा तीळ मिक्सरमधून थांबत थांबत इतका वाटायचा की त्याचं तेल सुटून तो पातळ व्हावा. मग लिंबू, लसणाची एक पाकळी, मीठ आणि गार पाणी. पाणी घातल्याबरोबर तो आधी दगडासारखा आवळतो आणि वाटतं की बिघडलं. घाबरायचं नाही, आणखी पाणी घालत घोटत राहायचं, की एकदम सैल, पांढराशुभ्र आणि मऊ होतो. अरब देशांत यालाच ताहिनी म्हणतात आणि आपल्याकडे मॉलमध्ये ती महाग बाटलीत मिळते. सौंसरला ती संक्रांतीच्या उरलेल्या तिळाची झाली. बटाट्याच्या कापांना, उकडलेल्या मक्याला, भाज्यांच्या रोलला, सगळ्याला चालते. मेयोनीझला सगळ्यात जवळची हीच.

केचपचं काम अंबाडीनं केलं. पाव वाटी वाळलेली बोंडं दोन वाट्या पाण्यात तासभर भिजवून मंद आचेवर शिजवली, गाळली, गूळ आणि लाल तिखट घातलं. अंबाडीच्या बोंडात पेक्टिन भरपूर असतं, जॅम घट्ट करतो तोच पदार्थ, त्यामुळे ती थंड झाल्यावर आपोआप दाट होते, मक्याचं पीठ लागत नाही. रंग असा की मुलानं फोटो काढून मित्रांना पाठवला. शेजवान सॉसच्या जागी काय हा प्रश्न घाटाखाली विचारायचा नसतो. ठेच्याचा अपमान होतो. कवठ-गुळाची चटणी बर्गरला लावून पाहिली. मला आवडली, घरात इतर कुणालाही नाही. संत्र्याच्या सालीचा सॉस करू असं वहिनीचं म्हणणं होतं. साल तीनदा पाणी बदलून उकडली तरी कडूपणा गेला नाही. तो प्रयोग आम्ही दोघींनी मिळून कंपोस्टात टाकला आणि वर संत्री सोलून खाल्ली.

एक काळजीची गोष्ट मध्येच सांगते. तीळ, शेंगदाणा, मोहरी, दूध यांचीही ॲलर्जी असू शकते. आमच्या मुलाला ती नाही हे तपासलेलं आहे. तुमच्या घरी अंड्याची ॲलर्जी असलेलं मूल असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग पाट्याकडे वळा. आणि हे सगळं वजन कमी करायला म्हणून कुणी वाचत असेल तर निराशा होईल. तीळ आणि शेंगदाणा म्हणजे तेलच. मोहरी-चक्क्यात बाटलीतल्यापेक्षा तेल कमी पडतं इतकंच.

निघायच्या दिवशी जामसावळीच्या मारुतीचं दर्शन घेतलं. सौंसरला येऊन तिथे गेलं नाही तर मोठी आई पुढचे सहा महिने फोनवर ऐकवते. डबे बांधताना तिनं मुलाला जवळ बसवून मोहरी फेसायला लावली. वरवंटा धरायची त्याची पद्धत पाहून ती म्हणाली, 'क्रिकेटची बॅट नोहे ते,' आणि त्याचे हात आपल्या हातांनी सरळ केले. फेस आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिच्याही आलं, मोहरीनंच. तिनं पदरानं आधी त्याचे डोळे पुसले.

भोपाळला परतल्यावर आता दर रविवारी दोन बाटल्या होतात. मोहरी-चक्क्याची फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, मग पाणी सुटतं. तिळाची आठवडाभर. अंबाडीची सगळ्यात जास्त. पाटा आमच्याकडे नाही. मोहरी मिक्सरच्या लहान भांड्यात कोरडी वाटून मग वाटीत गार पाण्यानं चमच्यानं फेटते. फेस पाट्यावरच्या इतका येत नाही, पण झणका तोच. मागच्या शुक्रवारी डबा रिकामा आला आणि बरोबर एक चिठ्ठी: मित्राच्या आईनं कृती मागितली होती. ती केरळची. मी हिंदीत लिहून पाठवली आणि 'फेसणे'पाशी अडले. 'फेंटना' लिहिलं, खोडलं, पुन्हा तेच लिहिलं.

तुमच्यापैकी कुणी पांढुर्णा, सौंसर, मोहगाव, लोधीखेडा किंवा पलीकडच्या नरखेड-काटोल-वरुडकडचे असाल आणि घरी अंबाडीच्या बोंडांचं किंवा कारळ्याचं आणखी काही करत असतील, तर मंडळाच्या पत्त्यावर जरूर कळवा. काळ्या रंगाच्या चटणीवर काही उपाय असेल तर तो आधी. मोठी आईला मी रविवारी फोनवर सगळं वाचून दाखवते. ती 'हे त मले माह्यत होतं' म्हणेल, पण लिहून ठेवायला मलाच सांगेल.